जीवघेण्या दरडींची जागतिक नोंद: वर्षभराची वही कशी ठेवावी

काय मोजायचे ते आधी कागदावर उतरवा. माती, दगड किंवा चिखल उतारावरून खाली आला आणि किमान एक माणूस दगावला, तर ती नोंद. भूकंपाने सुटलेल्या दरडी वेगळ्या पानावर ठेवा. दरडींचे ब्रिटिश अभ्यासक डेव्ह पेटली यांच्या जागतिक नोंदीवरून २००४ ते २०१६ या १३ वर्षांची जी आकडेवारी प्रसिद्ध झाली, तीत त्या धरलेल्या नाहीत. तिच्यात ४,८६२ घटना आणि ५५,९९७ मृत्यू आहेत, म्हणजे वर्षाला सरासरी पावणेचारशे घटना. तुमच्या वहीत डिसेंबरअखेर शंभरच भरल्या, तर जग सुरक्षित झाले असे समजू नका, शोध कमी पडला आहे. विहीर खणताना अंगावर आलेली माती धरायची की नाही, तेही जानेवारीतच ठरवा. ऑगस्टमध्ये नियम बदलला तर मागचे सगळे पुन्हा तपासावे लागते.

रकाने एवढे पुरेत: क्रमांक, स्थानिक तारीख, वेळ, गाव-तालुका-जिल्हा-देश, अक्षांश-रेखांश, जागेची अचूकता किलोमीटरमध्ये, मृत, बेपत्ता, कारण, दोन स्रोत, शेवटची दुरुस्ती. तारीख नेहमी घटनास्थळाचीच लिहा. वायनाडची दरड ३० जुलै २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळली, पण ग्रिनिच वेळेने तेव्हा २९ तारीखच होती. दोन याद्या जुळवताना अशी एकच घटना दोनदा चढते.

रोज अर्धा तास शोधा, आणि त्या-त्या भाषेत शोधा. नेपाळसाठी ‘पहिरो’, इंडोनेशियासाठी ‘लोंगसोर’, लॅटिन अमेरिकेसाठी ‘देस्लिसामिएन्तो’ आणि ‘देर्रुम्बे’ (हे दोन्ही स्पॅनिश शब्द रोमन लिपीत टाका). मराठीत नुसते ‘दरड’ टाकले की आंबेनळी घाटातली वाहतूक ठप्प झाल्याच्या बातम्याच ढिगाने येतात. ‘ढिगाऱ्याखाली’ हा शब्द जास्त कामाचा. एक-दोन बळींच्या घटना इंग्रजी वृत्तसंस्थांपर्यंत सहसा पोचत नाहीत, आणि वहीतली बहुतेक गळती तिथेच होते.

गावांच्या नावांनी सर्वांत जास्त घोळ होतो. जुलै २०२१ मध्ये दरड कोसळली ते आंबेघर तर्फ मरळी, पाटण तालुक्यातले. आंबेघर तर्फ मेढा जावळीत आहे. नकाशावर नुसते ‘आंबेघर’ शोधून खूण केली, तर ती सहज चुकीच्या तालुक्यात पडते. त्याच पावसात मिरगाव आणि ढोकावळे इथेही दरडी आल्या. उतार वेगळे, म्हणून ओळी तीन. ‘सातारा जिल्ह्यात पावसाचे बळी’ असा एकत्रित आकडा कोणत्याच ओळीत टाकू नका, कारण त्यात पुरात वाहून गेलेलेही असतात. सांगलीच्या बातम्यांत तर ही सरमिसळ हमखास असते.

आकडा पहिल्या दिवशी लिहा, पण पेन्सिलीने लिहिल्यासारखा. तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा पाहा. मृत आणि बेपत्ता यांची बेरीज करून एकच आकडा कधीही लिहू नका. अमेरिकेतल्या ओसो इथे २०१४ मध्ये बेपत्तांची यादी सुरुवातीला पावणेदोनशेच्या घरात होती, शेवटी मृत ४३ निघाले. उलटही होते: बेपत्तांना महिन्यांनी मृत घोषित करतात आणि ती बातमी आतल्या पानावर येते. पापुआ न्यू गिनीत मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा अंदाज ६७० होता आणि सरकारचा दोन हजारांवर. अशा वेळी किमान आणि कमाल असे दोन रकाने करा. मधला आकडा काढणे म्हणजे तिसरा अंदाज स्वतः रचणे.

जागा पक्की करायला सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात. एक ठिपका १० मीटरचा, म्हणून २० मीटर रुंदीची दरड त्यात धड दिसत नाही. सह्याद्रीत पावसाळाभर ढगच दिसतात. ऑक्टोबरचे चित्र घ्या, पण तुलना मे महिन्याशी नको: मेमध्ये सगळाच डोंगर तपकिरी असतो. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी लावून पाहा, हिरव्यातला लाल ओरखडा लगेच कळतो.

वर्षभरातली वाढती बेरीज दाखवणाऱ्या आलेखासाठी ओळी तारखेने लावा, मगच पहिल्या ओळीपासून चालू ओळीपर्यंतची बेरीज काढा. क्रम उलटला तर रेघ मागेपुढे जाते. जून ते सप्टेंबर रेघ चढी असणारच, कारण आशियातला बराचसा पाऊस तेव्हाच. घटनांची आणि मृतांची रेघ वेगवेगळी काढा, नाहीतर एकच मोठी दरड बाकीच्या वर्षाला झाकून टाकते. वही ३१ डिसेंबरला मिटू नका, मार्चअखेरपर्यंत दुरुस्त्या येत राहतात. प्रत्येक महिन्याची जुनी प्रत मात्र वेगळ्या नावाने जपून ठेवा.