पेटीतलं लुगडं, बाबांचा शर्ट: जुन्या कपड्यांतून आपला पेहराव कसा जुळवावा

बाजारात जाण्याआधी घरातली लोखंडी पेटी उघडा. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या गावांत आजीची लुगडी, आईच्या लग्नातल्या साड्या, बाबांचे शर्ट वर्षानुवर्षं तिथेच पडून असतात आणि एक दिवस भांडेवालीच्या टोपलीत जातात. स्टीलच्या एका गंजापायी, म्हणजे पातेल्यापायी, आमच्या घरातून तीन साड्या गेल्या. त्यातली हिरव्या काठाची मला अजून आठवते. पेटी पाहून झाली की मग आठवडी बाजारातले जुन्या कपड्यांचे ढीग. तिथे सकाळी लवकर जा, दुपारच्या उन्हात नीट निवड होत नाही.

कपडा हातात आला की आधी उजेडासमोर धरा. कसर लागलेली असेल तर बारीक भोकं लगेच दिसतात. मग काख, कॉलर आणि बसण्याची जागा दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघा. तिथे सूत विरलं असेल तर तो कपडा अख्खा वापरण्याजोगा नाही, कापून वापरायचा. बटण तुटलेलं, चेन बिघडलेली, शिवण उसवलेली असली तर घाबरू नका, टेलरकडे ते थोड्या वेळाचं काम आहे. कापड कोणतं ते कळत नसेल तर आतल्या शिवणीतून एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि अंगणात पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा गोळी होणारा कपडा कितीही सुंदर असला तरी हिवाळ्यासाठी ठेवा.

बाजारातून आणलेलं काहीही धुतल्याशिवाय घालून बघू नका. सुती असेल तर गरम पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवा. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, असेल तर रिठ्याचं थंड पाणी, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. भंडाऱ्याकडची करवती काठाची साडी पेटीत सापडली तर तिला कात्री लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अंग कोशाचं आणि काठ सुती असं ते हातमागाचं काम असतं, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तिच्यावर पांढरा साधा सुती ब्लाउज घाला, बाकी काही लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फिटिंग. जुना कपडा उसना दिसतो तो जुना असतो म्हणून नाही, अंगावर बसत नाही म्हणून. आरशासमोर आधी खांदा बघा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर आली तर कपडा घ्या. मोठा खांदा कमी करायचा म्हणजे बाही काढून पुन्हा लावावी लागते आणि त्याला नव्या कपड्याच्या शिलाईएवढा खर्च येतो. लांबी, बाजू, बाहीची उंची हे सोपं आहे. जुन्या ब्लाउजला आत दोन्ही बाजूंना माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेली असते. एक टीप उसवली की इंचभर सैल होतो. उसवलेल्या पट्टीचा रंग जरा गडद दिसेल, पण काखेखाली कोण बघतं? बाबांचा फुल शर्ट मुलीला हवा असेल तर खांदा मुद्दाम उतरलेला चालतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडा आणि खाली अरुंद, साधी सलवार घाला.

एका वेळी जुनी वस्तू एकच ठेवा. आजोबांची खादीची बंडी घातली तर पँट एकरंगी, पायात साध्या चपला. सगळंच पेटीतलं घातलं की नाटकाचा वेश वाटतो.

लुगडं नऊ वार म्हणजे आठ मीटरहून थोडं जास्त, आणि कुर्त्याला अडीच मीटर पुरतात. म्हणून बसण्याची विरलेली जागा सोडूनही पदराकडच्या भागातून कुर्ता निघतो, काठाच्या बाह्या आणि गळपट्टीही होते. मात्र ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय कात्री लावू नका. माझी आजी म्हणाली होती, “कायले कापतं वं, धड हाय ते अजून.” मी त्या दिवशी लुगडं पेटीत परत ठेवलं. दोन महिन्यांनी तिनेच ते आणून दिलं, कुठून कापायचं तेही सांगितलं.

आजोबांचं पांढरं धोतर असेल तर त्याची ओढणी करा. फाल्गुनात धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, पळसाखाली पडलेली फुलं गोळा करून वाळवा. 200 ग्रॅम कापड असेल तर 20 ते 30 ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून ते रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी कापडाच्या वजनाएवढी वाळकी फुलं तासभर उकळा, पाणी गाळा, त्यात कापड मंद आचेवर हलवत राहा. छान पिवळा रंग येतो. वाळवा सावलीतच, उन्हाने तो उडतो. पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सुटतो, तेव्हा त्या ओढणीची बादली वेगळी ठेवा.