लॅब्राडोराइटचं पेंडंट करताय? आधी खडा फिरवून बघा

लॅब्राडोराइट हातात घेतला की पहिल्यांदा वाटतं हे काय, करडा दगड, आणि जरा तिरका केला की आतून एकदम मोरपिशी निळा पेटतो, मग आपण खूश होऊन खड्याभोवती गुंडाळायची तार लगेच कापायला घेतो आणि तिथेच माती खातो. माझं पहिलं पेंडंट असंच गेलं, टेबलावर झकास चमकायचं आणि गळ्यात घातलं की नुसता फुटक्या पाटीचा तुकडा.

कारण ही चमक वरच्या पॉलिशची नाहीच, खड्याच्या आत फेल्डस्पार या खनिजाचे अतिशय पातळ थर असतात, त्यांच्यावरून उजेड परततो, म्हणून ती ठरावीक कोनातूनच दिसते. तर तार लावायच्या आधी खडा आरशासमोर छातीशी उभा धरा, खोलीत एकच दिवा ठेवा, हळूहळू गोल फिरवा, जिथे सगळ्यात जास्त पेटेल तिथे थांबा आणि वरच्या टोकाला मार्करने टिंब द्या, नंतर स्पिरिटने पुसून टाका.

फ्रेमला 20 गेजची तार, बांधायला 28 गेज (आकडा जितका मोठा तितकी तार बारीक), आणि पहिल्यांदा करत असाल तर तांब्याचीच घ्या, चांदी वाया गेली की जीव जळतो. खडा मोह्स स्केलवर, म्हणजे कडकपणाच्या 1 ते 10 च्या पट्टीवर, 6 ते 6.5, म्हणजे तसा बरा कडक, पण त्याला दोन दिशांनी सरळ फुटायची खोड आहे, त्यामुळे पक्कडीने तार खड्यावर दाबलीत की कडेचा टवका उडालाच समजा. बोटांनीच वळवा, नाहीतर नायलॉनच्या तोंडाची पक्कड वापरा. चांदीचं कोंदण करणार असाल तर सगळं सोल्डरिंग आधी उरका, खडा शेवटी बसवा, आच लागली की तडकतो. धुवायला कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, अल्ट्रासॉनिक मशीन अजिबात नको.

रेनबो मूनस्टोन म्हणून जो पांढरा खडा मिळतो तोही खरंतर लॅब्राडोराइटच, तेव्हा त्यालाही हेच सगळं लागू. ओपलाइट म्हणून मिळतो तो खडा मात्र चक्क काच असते, काळ्यावर ठेवली की दुधाळ निळी आणि उजेडासमोर धरली की पिवळसर नारिंगी.

आणि कानातले करायचे असतील तर जोडी बघताना फक्त आकार आणि रंग जुळवू नका हं, एक खडा डावीकडून पेटतो आणि दुसरा वरून असं फार वेळा होतं, ऑनलाइन घेताना विकणाऱ्याला सांगा की दोन्ही एकाच तळहातावर ठेवून हात हलवत व्हिडिओ पाठव.