जर्मन पाणबुडीचा युद्धइतिहास लिहिताना या चुका टाळा

कप्तानाने नोंदवले म्हणजे ते घडलेच असे धरून चालणे, ही दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्यांवर लिहिताना होणारी सर्वांत मोठी चूक आहे. यू-४७ चेच उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १९३९ च्या पहाटेपूर्वी तिचा कप्तान गुंथर प्रीन याने ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडील स्कापा फ्लो या ब्रिटिश नाविक तळात शिरवून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली, हे निर्विवाद आहे. मात्र रिपल्स या दुसऱ्या मोठ्या नौकेलाही आपला पाणतीर लागला, हा त्याचा दावा टिकत नाही, कारण रिपल्स त्या रात्री तळावर नव्हतीच. त्याला अंधारात दिसलेली दुसरी नौका पेगॅसस ही सागरी विमानांची वाहक होती, आणि पहिला पाणतीर लागला तो रॉयल ओकच्याच पुढच्या टोकाला. तो स्फोट नौकेच्या आतच काहीतरी फुटल्याचा असावा असे अनेकांना वाटले, त्यामुळे सावध होण्याची संधी हुकली. नंतरच्या माऱ्यात नौका काही मिनिटांतच बुडाली आणि ८०० हून अधिक जण मरण पावले. त्यांत अठरा वर्षांखालील शंभरावर मुले होती. दावा छापण्यापूर्वी तो शत्रुपक्षाच्या नोंदींशी ताडून पाहावा, तो यासाठीच.

बुडवलेल्या जहाजांच्या टनांची बेरीजही जपून करावी. व्यापारी जहाजाचे नोंदणीकृत टन हे आतील घनफळाचे माप असते, तर युद्धनौकेचे टन हे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असते. म्हणून दोन्ही एकाच रकान्यात मांडू नयेत. २ जुलै १९४० रोजी यू-४७ ने बुडवलेले आरांडोरा स्टार हे ब्रिटिश प्रवासी जहाज केवळ टनांत नोंदवणे तर मला अन्यायाचेच वाटते, कारण त्यावरील ८०० हून अधिक मृतांत बहुसंख्य इटालियन व जर्मन स्थानबद्ध होते.

क्रमांकाची गफलतही होते: पहिल्या महायुद्धातही एक यू-४७ होती, तिचा इतिहास वेगळा आहे.

शेवटी, अंताबाबत जुन्या पुस्तकांवर विसंबू नये. मार्च १९४१ मध्ये वुल्व्हरीन या ब्रिटिश विनाशिकेने यू-४७ बुडवली असे अनेक वर्षे छापले गेले. पुढे दिसून आले की तो हल्ला यू-ए या दुसऱ्याच पाणबुडीवर झाला होता आणि ती नुकसान सोसून परतली. यू-४७ च्या नावापुढे म्हणून ‘मार्च १९४१ पासून बेपत्ता, कारण अज्ञात’ एवढेच लिहावे.