ग्लासगोला येताय? मग थंडी-पावसाची इंग्रजी विशेषणं कानावर घालून या

इथे मास्टर्सला येणाऱ्या आपल्या मुलामुलींचा आयईएल्टीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, स्कोअर चांगला असतो पण बसस्टॉपवर एखाद्या आजीबाई "बिट फ्रेश टुडे, इझंट इट?" म्हणाल्या की काय बोलावं तेच सुचत नाही, म्हणून हे लिहितेय. इथे अनोळखी माणसाशी बोलणं हवेवरूनच सुरू होतं आणि तिथे नुसतं हॉट आणि कोल्ड पुरत नाही.

आधी क्लायमेट सोडा बरं. आपण सर्रास म्हणतो "आज क्लायमेट मस्त आहे". इंग्रजीत आजच्या हवेला वेदर, आणि क्लायमेट म्हणजे त्या भागाच्या हवेची साधारण 30 वर्षांची सरासरी.

थंडीची चढती भाजणी अशी: कूल, चिली, कोल्ड, फ्रीझिंग. कूल बहुतेक वेळा सुखाचं, चिली म्हटलं की जॅकेट घ्यायचं, आणि फ्रीझिंग खरं तर शून्याच्या आसपासचं पण लोक 4-5 डिग्रीलाही बिनधास्त वापरतात. त्याला व्हेरी लावू नका, ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग म्हणा, कारण "खूप" त्या शब्दातच आलेलं असतं, मरणाच्या उकाड्याच्या बॉयलिंगचंही तसंच. आजीबाईंचं फ्रेश म्हणजे गारठा आहे हे जरा सौम्यपणे सांगणं. क्रिस्प मात्र कौतुकाचा शब्द, कोरडी थंडी, निरभ्र आकाश, स्वच्छ ऊन, डिसेंबरात नाशिकला सकाळी असते ना तशी हवा. वारा हाडात शिरत असेल तर बिटर. आणि खास इथला शब्द बॉल्टिक, "इट्स बॉल्टिक!" म्हणजे मरणाची थंडी. स्वतःला थंडी वाजत असेल तर "आय ॲम कोल्ड", "आय हॅव अ कोल्ड" म्हणालात तर समोरचा समजेल सर्दी झालीय.

माइल्ड हा शब्द नीट समजून घ्या, फोरकास्टमध्ये सारखा येतो. जानेवारीत 11-12 डिग्री असली की ते माइल्ड, म्हणजे त्या ऋतूच्या मानाने ऊबदार. हाच आकडा जुलैत आला तर कोणी माइल्ड म्हणणार नाही! म्हणजे विशेषण नुसत्या आकड्यावर नाही, महिन्यावर आणि गावावरही ठरतं. स्कॉटलंडमध्ये सलग तीन दिवस कमाल तापमान 25 किंवा त्यावर गेलं की मेट ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश हवामान खात्याच्या, व्याख्येत हीटवेव्ह (उष्णतेची लाट) होते, लंडनसाठी तीच मर्यादा 28 आहे, आणि आपल्याकडे सपाटीच्या भागात 40 च्या आत तर आयएमडी, म्हणजे आपलं हवामान खातं, हीटवेव्हचा विचारही करत नाही. त्यामुळे नागपूरच्या मुलाने इथे 26 ला "धिस इज नथिंग" म्हणू नये, लोक खरंच घामाघूम झालेले असतात, घरात एसी नसतो, वॉर्म किंवा हॉट म्हणा आणि त्यांच्या आनंदात सामील व्हा.

मुंबईकरांना मगी लगेच कळेल, दमट आणि चिकचिकीत. ह्युमिड जरा पुस्तकी, बोलण्यात मगी नाहीतर क्लोस. हो, स्पेलिंग दार बंद करण्याच्या क्लोजचंच पण उच्चार क्लोस, अर्थ कोंदट, वारा पडलेला.

पावसाचं तर विचारूच नका. ड्रिझली म्हणजे भुरभुर, शॉवरी म्हणजे सर येते, थांबते, ऊन पडतं, परत येते. ओव्हरकास्ट म्हणजे आभाळ पूर्ण भरलेलं, क्लाउडीपेक्षा जास्त. आणि ड्रीख! हा स्कॉट्स शब्द, शेवटचा ख घशातून, दिवसभर करडं आभाळ, ओल, गारठा आणि पाऊस धड पडतही नाही थांबतही नाही. नोव्हेंबरात तो रोज ऐकाल, आणि तुम्ही स्वतः वापरलात की इथल्या माणसाचा चेहरा खुलतो, हे मी कितीदा पाहिलंय.

सवयीसाठी एक करा, सकाळी हवामानाच्या ॲपवर "फील्स लाइक" चा, म्हणजे अंगाला जाणवणाऱ्या तापमानाचा, आकडा बघा, खिडकी उघडा आणि एक वाक्य मोठ्याने बोला. कोणी इझंट इट लावून विचारलं तर वाद घालू नका, "इट इज, ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग" असं होकार देऊन एक पायरी वरचं विशेषण जोडा, बस येईपर्यंत गप्पा चालतात.