कॉन्फरन्स कॉलवरचं इंग्रजी: या चुका टाळा

‘सो यू हॅव्हन्ट सेंट द फाइल?’ पलीकडून प्रश्न आला. फाइल गेलीच नव्हती, म्हणून मी खरं ते सांगितलं: ‘यस.’ पुढचे दोन दिवस त्यांची टीम मेलबॉक्समध्ये ती फाइल शोधत राहिली.

‘पाठवली नाहीस?’ या प्रश्नाला मराठीत ‘हो, नाही पाठवली’ हे उत्तर चालतं, कारण आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत यस-नो वस्तुस्थितीवर ठरतं. पाठवली असेल तर ‘यस’, नसेल तर ‘नो’, मग प्रश्न सरळ विचारलेला असो की उलटा. समोरासमोर बसलो असतो तर माझा ओशाळलेला चेहरा तरी दिसला असता. कॉलवर नुसता शब्द पोचला. तेव्हापासून अशा प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देतच नाही. ‘नो, आय हॅव्हन्ट. आय विल सेंड इट बाय फोर.’ एवढं बोललं की मागच्या ‘नो’मध्ये गडबड झाली तरी अर्थ सुटत नाही.

‘यस’ आणखी एका ठिकाणी घात करतो. कुणी बोलत असताना ‘हं, हो, हो’ म्हणत राहायची आपली सवय इंग्रजीत ‘यस, यस’ होऊन उतरते. आपल्या मनात असतं ‘ऐकतोय’, समोरच्याला ऐकू येतं ‘मान्य आहे’. विषय किमतीचा किंवा मुदतीचा असेल तर हा हुंकार महागात पडतो. दोघांचाच कॉल असेल तर ‘आय सी’ किंवा ‘आय अ‍ॅम फॉलोइंग’ म्हणा. दहा जणांच्या कॉलवर तेही नको, सरळ म्यूट व्हा. नाहीतर तुम्ही ‘हं’ म्हणता आणि अ‍ॅप बोलणाऱ्याला सोडून तुमचा चेहरा मोठा करून दाखवतं.

शब्द इंग्रजी, अर्थ घरचा

‘आजच पाठवतो’ यातल्या ‘च’ला आपण ‘ओन्ली’ करून टाकतो: ‘आय विल सेंड इट टुडे ओन्ली.’ ऐकणाऱ्याला वाटतं, फक्त आज मिळणार, उद्या नाही. ‘च’ आवाजातल्या जोरावर सोडून द्या: ‘आय विल सेंड इट टुडे.’ ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की शंका विचारायची आहे असं आपल्याला वाटतं, पण परक्या कानाला त्यात अविश्वासाचा वास येतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘प्रीपोन’ आपल्याकडे सर्रास चालतो, बाहेर अनेकांना तो माहीतच नसतो. तिथे ‘कॅन वी मूव्ह इट टू अ‍ॅन अर्लिअर टाइम?’ म्हणावं. ‘आय विल रिव्हर्ट’चा रूढ अर्थ ‘पूर्वस्थितीला जाईन’ असा आहे. ‘उत्तर देतो’ याला ‘आय विल गेट बॅक टू यू’.

अर्थात घोळ फक्त आपणच घालतो असं नाही. ‘लेट्स टेबल धिस’ असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवायचा असतो. दोघंही एकाच कॉलवर असतील तर ‘डू यू मीन डिस्कस इट नाउ, ऑर लेटर?’ असं निःसंकोच विचारा.

राहिलं व्याकरण. ‘डिस्कस अबाउट’ चूक आहे, ‘अ’ आणि ‘द’ आपण हवे तसे गाळतो, हे खरं. पण त्यापायी कुठला कॉल फसलेला मी पाहिलेला नाही.

आकडे आणि वेळा

फिफ्टीन आणि फिफ्टी हे जुनं दुखणं. फिफ्टीनमध्ये जोर ‘टीन’वर असतो, फिफ्टीमध्ये ‘फिफ्’वर. जोर चुकला तर पंधराचे पन्नास होतात. त्यात साध्या टेलिफोन लाइनवरून साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो, त्यामुळे ‘एफ’ आणि ‘एस’ यांना वेगळं करणारी वरची सळसळ कापली जाते. म्हणून आकडा फोडून सांगा, ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’, आणि अक्षर शब्दाने सांगा, ‘एफ फॉर फॉक्सट्रॉट’. लाख-कोटी भारतीय उपखंडाबाहेरच्या कॉलवर नकोत: दहा लाख म्हणजे वन मिलियन, एक कोटी म्हणजे टेन मिलियन.

तारखेत महिन्याचं नाव घ्या. ‘थ्री फोर’ म्हणजे कुणाला 3 एप्रिल, कुणाला 4 मार्च. ‘आयएसटी’ ही अक्षरं भारतासाठी वापरतात, तशीच आयर्लंड आणि इस्रायलसाठीही. त्यापेक्षा ‘इंडिया टाइम’ बरं. ‘बाय एंड ऑफ डे’ म्हटलं तर दिवस कुणाचा, हे ठरवून घ्या.

मध्ये बोलायचं कसं

इथे माझ्या मते इंग्रजीपेक्षा तारांचा दोष जास्त. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास अंतर असतं. कॉलवर आवाजच 150 मिलिसेकंद उशिरा पोचला तर दोघांनाही वाटतं की जागा मोकळी आहे, आणि दोघंही एकदम सुरू होतात. मग ‘सॉरी, गो अहेड’, ‘नो, नो, यू गो अहेड’. या खेळात एकदाच माघार घ्यावी, नाव घेऊन, आणि खरंच गप्प बसावं.

कुणाला थांबवायचं असेल तर ‘वन मिनिट, वन मिनिट’ नको. त्यातली आपली ‘एक मिनिट हं’ची अजिजी तिकडे पोचत नाही. ‘सॉरी टू जंप इन’ म्हणून क्षणभर थांबा, समोरच्याने वाट दिली की बोला.

समजलं नाही तर ‘व्हॉट?’ उद्धट वाटतं, पण गप्प राहणं त्याहून वाईट. काय निसटलं ते सांगा: ‘आय गॉट द डेट, बट मिस्ड द अमाउंट.’ ऐकू न येणं आणि न कळणं यांत गल्लत करू नका. ऐकू आलं नसेल तर ‘यू आर ब्रेकिंग अप’, कळलं नसेल तर ‘आय अ‍ॅम नॉट शुअर आय फॉलो’. न कळल्याचा दोष नेटवर्कवर ढकलला की समोरचा तेच वाक्य फक्त मोठ्याने पुन्हा म्हणतो. मी हे करून पाहिलंय.

कॉल तुम्ही चालवत असाल तर

‘एनी क्वेश्चन्स?’ विचारलं की शांतता पसरते. त्यापेक्षा एकेकाला विचारा, पण आधी नाव, मग प्रश्न. नाव शेवटी घेतलंत तर बिचारा म्यूट काढेपर्यंत प्रश्न विसरलेला असतो. ‘सांगा’चं भाषांतर ‘टेल मी’ करू नका. आपला आदर क्रियापदातच असतो, ‘टेल’मध्ये तो उतरत नाही, आणि ‘प्लीज सेंड’ म्हटलं तरी हुकूमच वाटतो. ‘कुड यू सेंड इट बाय मंडे?’ असं प्रश्नाच्या रूपात मागा.

शेवटी कोण काय करणार ते मोठ्याने वाचा आणि ‘हॅव आय गॉट एनीथिंग राँग?’ असं विचारा. भर घाला म्हटलं तर लोक गप्प राहतात, चूक दाखवा म्हटलं की बोलतात. आणि निघताना ‘चला, फोन ठेवतो’चं ‘आय अ‍ॅम कीपिंग द फोन’ करू नका, त्याचा अर्थ फोन स्वतःकडेच ठेवून घेतोय असा होतो. ‘आय हॅव टू ड्रॉप ऑफ नाउ’ म्हणा आणि बाहेर पडा.