अपिलात खटल्यातली चूक कशी मांडावी

निकालाची नक्कल आणि वकीलपत्र कसं मिळवायचं ते सांगत बसत नाही. मुदत तेवढी पाठ करा: मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६०, फाशी असेल तर ३०च. शिक्षेला स्थगिती आणि जामीन, हे अर्ज अपिलासोबतच लावा. तुरुंगातल्या आरोपीला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.

आता खरी मेख. ‘पंचनाम्यात खाडाखोड आहे, शिक्षा उडालीच समजा’ असं सांगणारा भेटला, तर चहा पाजून वाटेला लावा. माझ्या पहिल्या अपिलात मी अशा एकोणीस चुका मांडल्या. न्यायमूर्तींनी एकच विचारलं, ‘यातल्या कोणत्या चुकीनं तुमच्या अशिलाचं नुकसान झालं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५११, हेच विचारतं: या चुकीनं न्याय डावलला गेला का? आणि ती हरकत खालच्या कोर्टातच घेता आली नसती का?

तेव्हापासून मी सुरुवात आरोपीच्या जबाबापासून करतो. म्हणजे विरोधातल्या पुराव्याबद्दल न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात ती उत्तरं; जुनं कलम ३१३, नवं ३५१. टेबलावर डावीकडे निकालपत्र, उजवीकडे जबाब. न्यायाधीशांनी ज्या पुराव्यावर शिक्षा दिली त्याखाली रेघ ओढायची आणि तो पुरावा आरोपीला विचारला होता का, ते शोधायचं. शर्टावर रक्त सापडल्याच्या सीए रिपोर्टवर, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालावर, निकाल उभा आणि जबाबात शर्टाचा उल्लेखच नाही, असं सापडतं! आरोपीला ‘साक्षीदार खोटं का बोलतात?’ एवढंच विचारून काम भागत नाही. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली न विचारलेल्या बाबी पुराव्यातून साफ वगळल्या. फाशी झालेला तो आरोपी सुटला, पण त्याला परिस्थितीजन्य पुराव्याची तुटकी साखळीही कारण होती, हे विसरू नका.

म्हणून न विचारलेली बाब वगळून उरलेला पुरावा पुन्हा वाचा. त्यावर शिक्षा टिकत असेल तर हा मुद्दा पुढे रेटू नका. शिवाय, ‘विचारलं असतं तर आरोपी काय म्हणाला असता?’ हा प्रश्न येणारच. उत्तर अशिलाकडूनच घ्या, स्वतः रचू नका.

मागणीत आधी निर्दोष मुक्तता लिहा, फेरखटला पर्याय म्हणून. फेरखटला म्हणजे पुन्हा तेच साक्षीदार, हे अशिलाला सही घेण्याआधी सांगा.