किडनीच्या पेशंटला औषध लिहिताना या चुका टाळा

मे महिन्यातली ओपीडी. पऱ्हाट्या वेचून वेचून कंबर धरलेली सत्तरीची आजी आत आली. वजन ४२ किलो. "गोया खाऊन पोट बिघडलं जी, एक सुई लावून द्या." रिपोर्टवर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, १.४. शेजारच्या ज्युनिअरनं 'थोडंच वाढलंय सर' म्हणत डायक्लोफेनॅक ही दुखण्याची सुई भरायला घेतली होती.

१.४ म्हणजे 'थोडं' नव्हे

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि या आजीच्या अंगावर स्नायू उरलेत किती? किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं गणित मोबाइलवरही होतं. १४० मधून वय ७० वजा केलं, वजनाने गुणलं, ७२ गुणिले १.४ ने भागलं आणि बाई म्हणून ०.८५ ने गुणलं. उत्तर आलं मिनिटाला जेमतेम २५ मिली. हाच १.४ तिशीतल्या ७० किलोच्या गड्याचा असता तर उत्तर ७६ आलं असतं. आकडा तोच, पण एकाची किडनी बरी चाललीय आणि दुसरीची पाव उरलीय. मात्र क्रिएटिनिन रोज वाढत असेल तर हे गणित फसतं. तेव्हा किडनी त्याहून वाईट आहे असंच धरा.

सुईचा आग्रह

आपल्याकडे सुई लावली नाही तर डॉक्टरनं काही केलं असं वाटतच नाही. त्या आग्रहाला मीही बळी पडलोय. बीपीच्या एका काकांना गुडघ्यासाठी सात दिवस अॅसिक्लोफेनॅक, म्हणजे डायक्लोफेनॅकच्याच जातीची दुखण्याची गोळी, लिहून दिली. त्यांची बीपीची गोळी टेल्मिसार्टनची होती आणि स्ट्रिपवर नावापुढे 'एच' होता, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी त्यातच मिसळलेली. मी नाव वाचलं, 'एच' वाचला नाही. आठ दिवसांनी काका लघवी कमी झाली म्हणून आले, क्रिएटिनिन दुप्पट.

गाळणीत रक्त आणणारी नळी दुखण्याच्या गोळीनं आवळते, बाहेर नेणारी टेल्मिसार्टननं सैल पडते आणि लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणीच कमी होतं. वर आपला ४५ अंशांचा उन्हाळा. दाब राहणार कुठून? सलाइन आणि गोळ्या बंद, यावर काका सावरले. सगळेच सावरत नाहीत. दुखण्याला पॅरासिटामॉल आणि शेक पुरतो का ते आधी बघा.

तेव्हापासून अशा पेशंटला उन्हाळ्यात एक गोष्ट बजावूनच पाठवतो: हगवण-उलटी लागली, खाणंपिणं सुटलं, तर टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवायचं आणि लगेच दाखवायला यायचं.

शुगरच्या गोळ्या

मेटफॉर्मिन ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा रिपोर्टवर येणारा अंदाज) ३० च्या खाली बंद, ३० ते ४५ मध्ये दिवसाला १ ग्रॅमच्या वर नको. पण मला जास्त भीती वाटते ती ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइडची. किडनी थकली की त्यांचा असर लांबतो. पेशंट बेशुद्ध येतो, ग्लुकोज दिलं की उठून चहा मागतो, घरचे म्हणतात 'बरा झाला, नेतो जी'. नेऊ देऊ नका. काही तासांनी शुगर पुन्हा कोसळते. निदान एक दिवस ठेवून दर काही तासांनी तपासा. लिनाग्लिप्टिनला डोस बदलावा लागत नाही. थकलेल्या किडनीत इन्शुलिनचाही असर लांबतो, म्हणून इन्शुलिनवरच्या जुन्या पेशंटची शुगर अचानक 'छान' यायला लागली तर पेढे वाटण्याआधी क्रिएटिनिन काढा.

सिकलसेलचा पेशंट

सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात हे रोजचंच. या पोरांचं क्रिएटिनिन सुरुवातीला उलट कमी येतं, कारण त्यांची किडनी गरजेपेक्षा जास्त गाळते. म्हणून '०.५ आहे, किडनी उत्तम' हा निष्कर्ष खोटा. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे गाळणीतून निसटणारं प्रोटीन, बघा. दुखण्याच्या प्रत्येक झटक्याला डायक्लोफेनॅकची सुई घेऊन मोठं झालेलं पोरगं असेल तर जास्तच.

बाकीचं थोडक्यात

हातापायाच्या आगीसाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन पूर्ण डोसनं दिलं तर आजोबा दिवसभर झोपतात, पडतात, आणि घरचे म्हणतात म्हातारपण आलं. लघवीच्या इन्फेक्शनला नायट्रोफ्युरँटॉइन ईजीएफआर ३० च्या खाली नको. टेल्मिसार्टनसोबत को-ट्रायमॉक्साझोल (अँटिबायोटिक) किंवा स्पायरोनोलॅक्टोन (लघवीची गोळी) दिलं तर पोटॅशियम वाढतं, ते तपासा. असा पेशंट रोज नारळपाणी आणि संत्र्याचा रस पितो का, लो सोडियम मीठ खातो का, तेही विचारा; या सगळ्यांत पोटॅशियम असतं.

उलटी चूकही होते. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून ते बंद करू नका. एक-दोन आठवड्यांत पोटॅशियमसह पुन्हा तपासा. अँटिबायोटिकचा पहिला डोस बहुतेक वेळा पूर्णच द्यायचा, कपात पुढच्या डोसांत. स्क्रब टायफसला (बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप) डॉक्सिसायक्लिन लिहिताना तर कपातीचा प्रश्नच नाही.

आजीला पॅरासिटामॉल दिलं, कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं '२५' आणि तारीख लिहिली. मग म्हटलं, माय, घरी जे जे घेतेस ते आण. दुसऱ्या दिवशी तिनं थैली टेबलावर उपडी केली: बीपीची गोळी, पित्ताच्या दोन स्ट्रिपा, मेडिकलवाल्यानं चिठ्ठीविना दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या, आणि बाजारातल्या माणसानं दिलेल्या कागदी पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक कुटून मिसळलेलं सापडतं. "हे औषध थोडीच हाय जी," आजी म्हणाली, "हे तं जडीबुटी हाय."